फिरकीचा वाळा

बाळकुमच्या आवडाबाईला कोणी कधी रडताना पाहिले नव्हते. हा तिच्या स्वभावाचा भाग नव्हता. रडण्याची मुभाच तिला मिळाली नव्हती. सन अठ्ठेचाळीसच्या नोव्हेंबरात समुद्रावर मोठे वादळ झाले, तेव्हा तिचा नवरा धाकू मिठाने भरलेला पडाव घेऊन मुंबईच्या बंदराकडे निघालेला होता. पडाव परतला नाही. सोबतच्या एका खलाशाचे प्रेत उत्तनच्या किनाऱ्याला लागल्याची बातमी आली, धाकूची आली नाही. गावातल्या बायका रीतीप्रमाणे रडायला म्हणून ओट्यापाशी जमू लागल्या, तेव्हा धाकूची आई सखुबाई उंबऱ्यात उभी राहिली आणि आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मुडदा दिसत नाय तवर माजा पोर जित्ता हाय. या घरात कोनी रडायचं नाय. आपापल्या घरी जावा."

बायका गेल्या. आवडाबाई आत चुलीशी बसलेली होती, ती तशीच बसून राहिली. पुढे भात शिजला, तो तिने वाढला.

अशा घरात पुढची वर्षे कशी जातात याची बाहेरच्या माणसाला कल्पना येत नाही, कारण पाहण्यासारखे त्यात काही घडत नाही. आवडाबाईच्या कपाळावर कुंकू होते, मनगटात काचेच्या बांगड्या होत्या, पायात चांदीचे वाळे होते. दोन मुले झाली होती, दोन्ही अंगावर पीत असतानाच गेली होती. त्यामुळे त्या घराशी तिला जोडणारे म्हणून जे काही उरले होते ते हेच: कुंकू, बांगड्या आणि वाळे. त्यातही वाळ्यांचा मान वेगळा होता. कुंकू रोज पुसले जाते, रोज लावले जाते. बांगडी पिचते, नवी भरता येते. वाळे लग्नात सोनाराने पायात घालून ठोकून बंद केलेले असत आणि त्या आळीत रीत अशी होती की ते निघायचे ते नवऱ्याच्या प्रेतापाशी, सासरच्या बायकांच्या हातून. आवडाबाईचे वाळे घातले तेव्हा ती पोरवयात होती. पुढे पाय भरला, वाळे तेवढेच राहिले. खाऱ्या पाण्याने ती चांदी काळी पडत असे आणि दर दिवाळीला सखुबाई स्वतः राख आणि चिंच घेऊन सुनेच्या पायाशी बसत असे. घासताना ती एक शब्द बोलत नसे. चांदी उजळली की पोराची खबर ऐकल्यासारखे तिचे तोंड सैल होई.

आवडाबाईच्या डाव्या पायाचे दुखणे दुसऱ्या बाळंतपणात सुरू झाले होते. पोटरीच्या आतल्या बाजूला एक निळसर दोर फुगून वर आला, मग त्याला फाटे फुटले. मूल गेले, दोर राहिला. दिवाळीनंतर मिठागराचा हंगाम लागला की ती इतरांबरोबर आगर तुडवायला जाई. कोंड्यांची, म्हणजे मीठ पिकवण्याच्या वाफ्यांची, तळची माती पायांनी तुडवून घट्ट करावी लागते, नाहीतर पाणी मुरते आणि मीठ मातीचे होते; माणसे ओळीने उभी राहून एका तालात पाय टाकत पुढे सरकतात. या कामात आवडाबाईचा पाय दुखत नसे. दुखे तो नंतर, मीठ ओढून झाल्यावर मुकादम माप घेईस्तोवर राशीपाशी उभे राहावे लागे तेव्हा. पोटरीत शिसे ओतल्यासारखे होई, घोट्याशी खाज सुटे आणि संध्याकाळपर्यंत वाळा मांसात रुतलेला दिसे.

सखुबाईला हे गणित पटत नसे. "काम करतीस तवा पाय गप, नि उबी र्‍हायलीस का बोंबलतो," ती म्हणे. "तुजा पाय हाय का मुकादमाचा नोकर?"

आवडाबाईलाही या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते. तिने ते शोधलेही नाही. घोट्याच्या आतल्या अंगाची कातडी हळूहळू तपकिरी झाली, कडक झाली, आणि त्रेपन्न सालच्या हंगामात वाळ्याच्या खालीच एक लहानसे क्षत पडले. खारे पाणी त्यात जाई तेव्हा झोंबे. पुढे पुढे तेही झोंबेनासे झाले.

धाकट्या दिराला, काळुरामला, मात्र तो वळवळता दोर पाहवेना. "वयनी, यो नारू हाय," तो एके दिवशी म्हणाला. "माज्या मेव्हन्याला झालता. अस्साच दिसं कातडीखाली. बायजाला दाखव."

नारूचा जंत त्या काळी त्या भागातल्या विहिरींतून माणसांच्या पोटात जाई आणि वर्षभराने पायातून डोके बाहेर काढी. कोलशेतची बायजा असे नारू ओढण्यात वाकबगार होती. जंताचे तोंड धरून ते बारीक काडीवर गुंडाळायचे, रोज थोडे थोडे, न तोडता. तिच्या हातून बरी झालेली माणसे पंचक्रोशीत होती, तेव्हा काळुरामच्या म्हणण्यात वावगे असे काही नव्हते. बायजा आली, तिने आवडाबाईला ओट्यावर निजवले, आणि दोर दिसेनासा झाला.

"लबाड हाय," बायजा म्हणाली. "मानूस निजला का आत पलतो. उबी र्‍हा गो."

आवडाबाई उभी राहिली. दोर भरून वर आला.

"बगितलंस? आता हलू नको. उबी हाय तवरच पकडला पायजे याला."

"टोचू का नको, नीट बग हां," सखुबाई म्हणाली.

"म्हातारे, तुज्या लग्नाच्या आदीपासून नारू काढतंय मी. तू हलद आन."

बायजाने सुई तापवून घेतली आणि दोराच्या सर्वांत फुगलेल्या जागी टोचली. जंताचे तोंड आले नाही. काळपट रक्ताची धार निघाली आणि ओट्याच्या कडेवरून खाली अंगणात पडू लागली. बायजाने मूठभर हळद दाबली, ती वाहून गेली. काळुरामने वर मांडीला फडके आवळले, तेव्हा धार आणखी वाढली. "बशीव तिला, बशीव," कोणी म्हणाले, "नको, उबीच र्‍हाऊ दे," बायजा ओरडली, "निजली का आत जाल त्यो!" आवडाबाई खांब धरून उभी होती. आपल्या पायातून काहीतरी जात आहे हे तिला दिसत होते, दुखत मात्र काहीच नव्हते. अंगणातली माती लाल होताना ती पाहत राहिली, मग खांब हातातून सुटला.

ती पडली ती ओट्यावर, डावा पाय तिथल्या जात्यावर अडकून वर राहिला, आणि धार थांबली.

"हलदीनं धरलं," बायजा कपाळाचा घाम पुसत म्हणाली. परंतु तिने काडी आणि सुई फडक्यात बांधली आणि विडा न घेता ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी काळुरामने बैलगाडी जुंपली आणि वहिनीला ठाण्याला नेले. तलावपाळीच्या मागच्या गल्लीत डॉक्टर हरिहर गुप्ते यांचा दवाखाना होता. मधल्या वयाचे, मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया शिकून आलेले, बोलायला लागले की शेवटपर्यंत बोलणारे असे हे गृहस्थ. त्यांच्या मदतीला साताऱ्याकडच्या विमलाबाई नावाच्या परिचारिका होत्या. हकिकत ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"उभं करून टोचलं?"

"व्हय," काळुराम म्हणाला. "निजली का त्यो पलतो ना."

"पळतो कसला, रिकामा होतो. बाई, हा नारू नाही. ही तुमचीच शीर आहे, रक्त वर नेणारी. ती फुगली आहे."

मग त्यांनी विमलाबाईंच्या मदतीने तिला निजवून पाय वर धरायला लावला. शिरा रिकाम्या झाल्या. विमलाबाईंनी मांडीच्या वरच्या भागाला रबराची पट्टी आवळून बांधली आणि आवडाबाईला उभे केले. दोर आला नाही. क्षणभर तिला स्वतःचा तरुणपणीचा पाय दिसला. पट्टी सोडताच दोर वरून खाली भरत आला, भरतीचे पाणी खाचरात शिरावे तसा.

"हे पाहा," डॉक्टर म्हणाले, "काळीज रक्त खाली ढकलतं. ते परत वर जायचं तर त्याला जोर लागतो. तो जोर पोटरी देते, चालताना. आणि शिरेत ठिकठिकाणी बारीक झडपा असतात, म्हणजे वर गेलेलं रक्त पुन्हा खाली येऊ नये म्हणून. तुमच्या वरच्या झडपा बिघडल्या. आता उभं राहिलं की सगळं रक्त खाली उतरतं आणि घोट्याशी साठून राहतं. साठलेल्या रक्तानं कातडी काळी पडते, मरते, आणि तिथं जखम होते. अशी जखम मलमानं बरी होत नाही, कारण दुखणं तिच्यात नाहीच. ते वर आहे."

काळुराम झडप या शब्दाशी अडखळला होता. डॉक्टरांनी सायकलच्या ट्यूबचे उदाहरण दिले; बाळकुमात त्या वेळी सायकल एका मास्तराकडे होती. आवडाबाईच्या मनात मात्र बांधावरची उघाडी आली. भरतीला तिचे दार उघडून पाणी आत घेतात, ओहोटीला बंद करतात. दार कुजले की घेतलेले पाणी थांबत नाही. आपल्या पायात उघाडीचे दार कुजले आहे, एवढेच तिने जाणले, आणि त्यात तिला भीती किंवा दुःख वाटण्यासारखे काही सापडले नाही. दारे कुजतातच.

"चालताना दुखत नाही ना? आणि एका जागी उभं राहिलं की दुखतं?" डॉक्टरांनी विचारले.

"व्हय," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी असा सरळ विचारला नव्हता.

उपाय कोणते, हे डॉक्टरांनी सावकाश सांगितले. शिरेत औषध टोचून तिच्या भिंती एकमेकींना चिकटवून टाकता येतात. पण वरचे दारच बिघडलेले असले तर शीर कालांतराने पुन्हा भरते. शस्त्रक्रियेत जांघेपाशी शीर बांधून टाकतात आणि तारेवर घेऊन ती ओढून काढतात. रक्ताला आत खोलवर दुसऱ्या वाटा असतात आणि त्या शाबूत आहेत हे रबर बांधून चालवून पाहिल्यावर ठरते. हे झाले तर पाय पुष्कळसा सुधारेल. परंतु उघड्या जखमेवर शस्त्रक्रिया करता येत नाही. आधी जखम भरली पाहिजे, आणि तिला एकच मार्ग: जस्ताच्या लेपाची पट्टी, पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत, खाली घट्ट आणि वर सैल, आणि पाय उशीवर उंच ठेवून विश्रांती.

"बोटांपासून," त्यांनी पुन्हा म्हटले, "म्हणजे हा वाळा काढावा लागेल."

काळुरामने जमिनीकडे पाहिले. "ते नाय जमायचं, डाक्टर."

"का? बरं झाल्यावर सोनाराकडून पुन्हा बसवून घ्या."

विमलाबाईंनी आवडाबाईच्या कुंकवाकडे आणि मग काळुरामकडे पाहिले. "यांचे मालक कुठं असतात?"

"दर्यावर गेलेत," काळुराम म्हणाला.

"केव्हा?"

काळुराम खांद्यावरचे फडके झटकू लागला. विमलाबाईंनी पुढे विचारले नाही. त्या पट्टीची गुंडाळी उगाच उलगडत आणि गुंडाळत राहिल्या.

घरी सखुबाईने सगळे ऐकून घेतले. तिने डॉक्टरांना शिव्या दिल्या नाहीत. तिने फक्त तोडगा काढला. "पट्टी बांदायची हाय ना? वाल्याच्या वरून बांद. गुडघ्यापर्यंत जाऊ दे. वाल्यानं कुनाचं काय घोडं मारलंय?"

तेव्हा पट्टी वाळ्याच्या वर बांधली गेली. काळुरामने ती घट्ट आवळली, कारण डॉक्टर घट्ट म्हणाले होते. दोन-तीन दिवसांत वाळ्याखालचे पाऊल सुजून तकतकीत झाले. वर जाण्याची वाट आवळली गेली आणि सगळे साठून खाली राहिले. क्षत पसरले. त्याच्या कडा उलटल्या, वास येऊ लागला. वाळा आता रुतला नव्हता, बुडाला होता. वरून पाहिले तर चांदीची जेमतेम एक रेघ दिसे. आवडाबाई तो पाय पाहत असे तो दुसऱ्या कोणाचा तरी पाय आपल्या घरी ठेवायला दिला असावा तसा. ती त्याला उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवी. सखुबाई त्या बाजूला पाहणे टाळू लागली होती, आणि दिवाळीला चांदी घासायला ती प्रथमच बसली नाही.

पुन्हा गाडी जुंपली गेली. या वेळी डॉक्टर चिडले. "मी बोटांपासून म्हटलं होतं, वाळ्यापासून नव्हे! वरून आवळून खालचं रक्त कोंडलंत तुम्ही. आणखी काही दिवसांनी हे मांस वाळ्यावरून एक होईल. मग वाळा तर कापावा लागेलच, आणि विष वर चढलं तर कदाचित पायही."

आवडाबाईने त्या दवाखान्यात स्वतःहून विचारलेला पहिला प्रश्न तेव्हा विचारला.

"पाय कापला," ती म्हणाली, "तर वाला आपसूक निंगंल ना?"

"म्हणजे?"

"म्हंजे त्यो कोनी काढला आसं व्हनार नाय."

ती हे भांडून म्हणाली नाही, रडून म्हणाली नाही. बाजारात पायली मोठी कोणती हे विचारावे तसे तिने विचारले. विमलाबाईंनी तिच्या समोर स्टूल ओढले, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, नवरा परत आला नि बायकोला पायच नाही असं पाहिलं, तर काय म्हणेल तो? वाळा कुठं घालील?"

आवडाबाईने यावर विचार केला. "आला तर," ती म्हणाली.

हे दोन शब्द त्या घरात आजवर कोणी उच्चारले नव्हते. काळुराम ते ऐकून दवाखान्याबाहेर गेला आणि बैलांपाशी उभा राहिला.

घरी त्याने आईला सगळे सांगितले, फक्त शेवटचे दोन शब्द सोडून. सखुबाई ओट्यावर बसून होती. पाय कापण्याच्या प्रश्नापाशी ती हालली. "आसं बोलली ती?"

"आसंच बोलली."

"रडली?"

"नाय."

सखुबाई बराच वेळ खाडीच्या दिशेने पाहत राहिली. तिने रडण्याची बंदी घातली होती तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे एक दुःखी सून होती, जिला आवरायचे होते. आता आवरायला काही शिल्लक नाही, हे तिला त्या संध्याकाळी उमगले असावे. तिने भाकरी खाल्ली नाही. उजाडताच तिने काळुरामला गाडी जुंपायला सांगितले आणि ती सुनेच्या शेजारी गाडीत चढून बसली.

परशुराम सोनाराचे दुकान ठाण्याच्या बाजारात होते. हे वाळे त्याच्या बापाने ठोकलेले होते. पायाकडे पाहून त्याने करवत हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली.

"सखुबाई, हे काढायचे म्हणजे..."

"काढायचं नाय," सखुबाई म्हणाली. "बांगडी फुटली तर आपुन काय म्हनतो? वाढली म्हनतो. नवी भरेस्तोवर हातात दोरा बांदतो. तसा यो वाला वाढवायचाय. पाय बरा झाला का परत घालायचाय. ध्यानात ठेव, परशराम. आनि आसा जोड, का परत कापाया लागनार नाय."

परशुरामने थोडा विचार केला. "फिरकी बसवतो. पाटलीला असते तशी. पिळली की बंद, उलटी पिळली की उघडा. हवा तेव्हा घाला, हवा तेव्हा..." सखुबाईच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने वाक्य तिथेच सोडले.

"फिरकी," ती म्हणाली. वाळा हाताने उघडतो ही गोष्ट तिच्या गळी उतरायला वेळ लागत होता. "बरं. बसीव."

कातडीला इजा होऊ नये म्हणून वाळ्याखाली चामड्याची पट्टी सारताना फार त्रास पडला. करवतीने चांदी तापू लागे, तशी परशुराम तिच्यावर थेंब थेंब पाणी सोडी. सखुबाईने सुनेचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. वाळा दोन ठिकाणी कापला जाऊन निघाला तेव्हा त्याच्या जागी एक खोल खोबण दिसली, आजूबाजूच्या काळवंडलेल्या कातडीत पांढुरकी. आवडाबाईने तिला बोट लावून पाहिले. बोटाला पाय लागला, पायाला बोट लागले नाही.

सखुबाईने दोन्ही तुकडे तिथेच ठेवले आणि दोऱ्याचा एक फेरा त्या खोबणीवर सैलसा बांधला. दवाखान्यात विमलाबाईंनी तो दोरा वर गुडघ्यापाशी सरकवला आणि बोटांपासून पट्टी बांधायला घेतली.

त्यानंतरचे महिने पट्टीचे होते. लेपाची पट्टी वाळून साच्यासारखी कडक होई. आठवड्याने ती सोडत, जखम पाहत, नवी बांधत. घरी भाताच्या पेंढ्यावर गोणपाट टाकून पाय काळजापेक्षा उंच ठेवून ती पडून राही, आणि मधूनमधून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे अंगणात चाले. उभी मात्र राहत नसे. आळीतल्या बायका डोकावून जात. "बसून पाटलीन झाली गो," एक म्हणाली. सखुबाई आतून उत्तरली, "तू पन सुई टोचून घे, तुला पन बसवते." क्षत कडेकडेने आत येत गेले आणि पावसाळ्यापूर्वी मिटले. मग मोठ्या सरकारी इस्पितळात डॉक्टर गुप्ते यांच्या ओळखीने शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याच दिवशी तिला उठवून चालवले. जांघेत एक आणि घोट्याशी एक अशा दोन बारीक खुणा राहिल्या. उरलेल्या दोन-चार फाट्यांत नंतर डॉक्टरांनी औषध टोचले. दोर गेला. कातडीचा तपकिरी रंग मात्र गेला नाही, आणि डॉक्टरांनी बजावले की तिथली कातडी आता कायमची नाजूक आहे: सकाळी अंथरुणातून उठण्याआधी ताणाची पट्टी बांधायची, रात्री निजताना सोडायची, आणि दिवसा घोट्याला आवळणारे काही घालायचे नाही.

"दिवसा नाय," सखुबाईने नेमके तेवढे धरून ठेवले. "रात्री चालंल?"

"सैल असेल तर चालेल," डॉक्टर म्हणाले.

परशुरामने एका बाजूला कडी आणि दुसऱ्या बाजूला फिरकी बसवून जोडलेला वाळा सूज उतरलेल्या पायात सैलच होता. तेव्हापासून त्या घरात एक नवी रीत सुरू झाली, जिचे नाव कोणी ठेवले नाही. दिवेलागणीला जेवणे आटोपली की आवडाबाई भिंतीला टेकून बसे आणि पट्टी सोडी. सखुबाई उठून उंबऱ्याशी ठेवलेला वाळा आणी, सुनेच्या पायापाशी बसे, वाळा घाली आणि फिरकी पिळी. सकाळी आवडाबाई स्वतः ती उलटी पिळून वाळा उंबऱ्याशी ठेवी आणि बोटांपासून पट्टी बांधी. धाकू अशा रीतीने दिवेलागणीला घरी येई आणि उजाडताना जाई. उजव्या पायातला वाळा पूर्वीसारखाच ठोकलेला होता. त्याला हात लावण्याचे कारणच नव्हते.

आवडाबाई मिठागरावर परत जाऊ लागली. तुडवायला जाई, राशीपाशी उभी राहत नसे. मुकादमाने कारण विचारले तर चालत चालत सांगे. पाय हलका झाला होता. हलका पाय घेऊन ती पूर्वीच्याच वाटेने जाई आणि येई. बरे वाटते का, असे कोणी विचारले तर ती 'व्हय' म्हणे, आणि ते खोटे नव्हते. बरे वाटत होते ते पायाला.

अशा तीन-चार दिवाळ्या गेल्या. सखुबाईची नजर मंदावली, बोटांची पेरे आखडली. फिरकीचा आटा बारीक होता. तो तिला पहिल्या खेपेला सापडेनासा झाला. ती पिळी, तो तिरका बसे, ती सोडी, पुन्हा पिळी. आवडाबाईने कधी मदतीला हात पुढे केला नाही, आणि सखुबाईने तो मागितला नाही. वेळ मात्र रोज थोडा अधिक लागू लागला.

एके संध्याकाळी फिरकी तिच्या बोटांतून निसटली.

ती जमिनीवर पडल्याचा बारीक आवाज झाला. सखुबाई हाताने शेणाने सारवलेली जमीन चाचपू लागली: सुनेच्या पायाभोवती, मग स्वतःच्या गुडघ्यापाशी, मग दिव्याच्या दिशेने. आवडाबाईला फिरकी दिसत होती. दिव्याच्या अलीकडे, उजेडात, ती स्वच्छ पडलेली होती. सांगायला एक शब्द पुरला असता. तिने तो शब्द तोंडात शोधला आणि तो तिथे नव्हता.

सखुबाईचा हात पुढे सरकला, फिरकीवर आला आणि थांबला. बोटांखाली काय आहे हे तिला कळले, यात शंका नव्हती. तो हात तिथे बराच वेळ राहिला. मग तो उचलला गेला, रिकामाच, आणि परत येऊन सुनेच्या घोट्यावर टेकला. जिथे पूर्वी खोबण होती तिथे.

"र्‍हाऊ दे आज," सखुबाई म्हणाली.

आवडाबाईने तिच्याकडे पाहिले. वाळा उघडा, दोन तोंडांनी, पायाखाली पडलेला होता.

"आत्याबाय?"

"र्‍हाऊ दे." आणि मग, जमिनीकडे पाहत, घासलेल्या आवाजात, "रडायचं आसल तर रड आता, आवडे. मी काय बोलायची नाय."

आवडाबाई थांबली. उघाडी उघडल्यावर पाणी येईस्तोवर जसे थांबतात, तशी ती थांबून राहिली. आता येईल, असे तिला वाटत होते. सखुबाईलाही वाटत असावे, कारण तीही घोट्यावरचा हात न काढता वाट पाहत होती. बाहेर आळीत कोणी कोणाला जेवायला हाक मारीत होते. काही आले नाही.

शेवटी तिने पेंढ्याचे गाठोडे ओढून घेतले आणि डावा पाय त्यावर उंच ठेवला, डॉक्टरांनी शिकवले होते तसा. सखुबाईने दिवा बारीक केला.

सकाळी काळुरामला उंबऱ्याशी वाळा दिसला नाही. त्याने आईकडे पाहिले, मग वहिनीकडे. आवडाबाई अंथरुणावर बसून पट्टी बांधत होती, बोटांपासून, खाली घट्ट आणि वर सैल.

"आये," तो म्हणाला, "परशरामला बोलवू का?"

सखुबाई चुलीत फुंकर घालत होती. ती थांबली. उजव्या पायातला वाळा तेवढा अजून तसाच होता. त्याला फिरकी नव्हती; तो निघायचा तर कापूनच.